बोळक्यापासून बोळक्यापर्यंत : वयानुसार बदलणारी जबड्याची हालचाल

कानाच्या आतील चिमुकली हाडे वगळली तर मानवी कवटीत हालणारे हाड एकच आहे आणि ते म्हणजे खालचा जबडा. आपले खाणे, बोलणे, हसणे, जांभई देणे, वंदनेच्या वेळी गाथा म्हणणे हे सारे व्यवहार या एका हाडाच्या हालचालीवर अवलंबून आहेत. तरीही जबडा सुरळीत चालू असेपर्यंत त्याची आठवण कोणालाच होत नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर 'तोंड मोठे उघडा' असे शब्द कानी पडतात आणि तोंड हवे तेवढे उघडत नाही, तेव्हा कोठे या मुक्या सेवकाकडे आपले लक्ष जाते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक, दंतवैद्य नव्हे. परंतु निवासी शाळेतील शिक्षकाचे काम फळ्यापाशी संपत नाही. मुले काय खातात, कशी खातात, कोणते मूल ताटात भाकरी तशीच ठेवून उठते, हे पाहणे त्याच्या कामातच येते. १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या शाळेच्या अंगणात पंगत बसते तेव्हा तीन पिढ्या एका ओळीत जेवत असतात. मांडीवरचे तान्हे मूल, पाचवी-सहावीतला विद्यार्थी, त्याचे आईवडील आणि सोबत आलेली आजी, या चौघांचा घास चावण्याचा रीतभेद कोणीही बारकाईने पाहावा. तान्हे मूल भात जिभेने टाळूवर दाबते. विद्यार्थ्याचा जबडा दाणा चिरडताना डावी-उजवीकडे मोकळा फिरतो. वडिलांचा जबडा सरळ खाली उतरून नेमका वर येतो. आजी मात्र ओठ आत ओढून, हनुवटी नाकाकडे नेत तोच घास बराच वेळ घोळवीत राहते. हा फरक कशामुळे होतो, त्यातला कोणता वयाचा आणि कोणता आपल्या हेळसांडीचा, हे नीट समजून घेणे आपल्या समाजाच्या आरोग्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे. कारण दात पडणे, तोंड आखडणे, चावता न येणे या गोष्टी आपल्याकडे नशिबाच्या खात्यावर टाकण्याची सवय अजून गेलेली नाही.

सांधा कसा चालतो

दोन्ही हातांची बोटे कानाच्या पाळीपुढे ठेवून तोंड सावकाश उघडून पाहा. बोटांखाली काहीतरी हालल्याचे जाणवेल. तोच जबड्याचा सांधा. डाव्या व उजव्या अशा दोन बाजूंना दोन सांधे आहेत, पण हाड एकच असल्यामुळे एक सांधा दुसऱ्याला सोडून काही करू शकत नाही. खालच्या जबड्याच्या दोन्ही टोकांना लांबट गोलसर डोकी असतात. ती कवटीच्या तळाशी असलेल्या खोबणीत बसतात. डोके आणि खोबण यांच्यामध्ये एक चिवट, लवचीक चकती असते. खोबणीच्या पुढच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो.

तोंड उघडण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या सुमारे २० ते २५ मिलिमीटरपर्यंत जबड्याचे डोके जागच्या जागी, दाराच्या बिजागरीसारखे फिरते. त्यापुढे तोंड उघडायचे झाले तर ते डोके चकतीसह पुढच्या उंचवट्यावर घसरत जाते. मिटताना हाच प्रवास उलट होतो. नुसते फिरणारे किंवा नुसते घसरणारे सांधे शरीरात अनेक आहेत, पण एकाच उघडझापीत ही दोन्ही कामे करणारा हा सांधा विशेष गुंतागुंतीचा मानला जातो. तोंड मिटण्याचे व चावण्याचे बळ मुख्यतः गालावरचा, कानशिलावरचा आणि जबड्याच्या आतल्या बाजूचा असे तीन स्नायू पुरवितात. घट्ट दात आवळून कानशिलावर हात ठेवला की तेथला स्नायू फुगलेला लागतो, तो यांपैकीच एक होय.

प्रौढ माणसाचे तोंड पूर्ण उघडले असता वरच्या व खालच्या पुढील दातांच्या कडांमध्ये साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर अंतर पडते. ढोबळ माप सांगायचे तर स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका ही तीन बोटे उभी करून दातांच्या मध्ये बसली पाहिजेत. बाजूला, म्हणजे डावीकडे वा उजवीकडे, जबडा साधारण ८ ते १२ मिलिमीटर सरकतो. स्त्रियांचे माप पुरुषांपेक्षा सरासरीने थोडे कमी असते आणि देहयष्टीप्रमाणेही त्यात फरक पडतो. दंतवैद्य पट्टीने हे अंतर मोजतो. जबडा सरळ उघडतो की एका बाजूला झुकतो, उघडताना 'कट्' असा आवाज येतो का, वेदना होते का, हेही तो पाहतो. या चार गोष्टींवरून सांध्याच्या प्रकृतीचा बराचसा अंदाज येतो.

तान्हे बाळ : दूध ओढणारा जबडा

जन्मतः बाळाचा खालचा जबडा दोन अर्ध्या तुकड्यांचा असतो. हनुवटीपाशी ते तुकडे पहिल्या वर्षात एकमेकांशी पक्के जुळतात. सांध्याची खोबण या वेळी जवळजवळ सपाट असते आणि पुढचा उंचवटा तयार झालेला नसतो. उभी व आडवी हाडे जेथे मिळतात तो जबड्याचा कोनही अतिशय पसरट असतो. या रचनेमुळे बाळाचा जबडा पुढे-मागे सहज सरकतो. आईचे दूध ओढण्यासाठी नेमकी हीच हालचाल लागते. निसर्गाने ज्या कामासाठी सांधा दिला, त्या कामापुरतीच त्याची घडण आधी केलेली असते.

साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दात डोकावू लागतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात. मधल्या काळात, विशेषतः दुधाच्या पहिल्या दाढा आल्यावर, बाळाला खऱ्या अर्थाने चावणे कळू लागते. वर-खाली होणाऱ्या जबड्याला आता बाजूची हालचाल शिकावी लागते. हे शिक्षण मेंदूचे असते तितकेच स्नायूंचे असते. म्हणून सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, मऊ भात, कुस्करलेले केळे, पुढे भाकरीचा मऊ तुकडा अशा क्रमाने घट्टपणा वाढवीत न्यावा लागतो. दोन वर्षांच्या मुलालाही सर्व काही पातळ करून भरविले तर त्याच्या जबड्याला शिकण्याची संधीच मिळत नाही.

दुधाच्या दातांपासून बाराव्या वर्षापर्यंत

दुधाचे दात पूर्ण होईपर्यंत सांध्याचा उंचवटा प्रौढपणीच्या उंचीच्या जवळपास निम्मा झालेला असतो. उरलेली वाढ मंद गतीने विशीपर्यंत चालते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. ती कोणताही दात न पाडता येत असल्यामुळे पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. आयुष्यभर चावण्याचा मुख्य भार वाहणारी दाढ अशा रीतीने दहाव्या-बाराव्या वर्षीच गमवावी लागते. त्या बाजूने चावणे दुखते म्हणून मूल दुसऱ्याच बाजूने चावू लागते आणि जबड्याची हालचाल एकांगी होते. हा जिव्हाळ्याचा इशारा आम्ही पालकसभेत वारंवार देत आलो आहोत.

लहान मुलांच्या चावण्यात एक वैशिष्ट्य असते. तोंड उघडतानाच त्यांचा जबडा बाजूला झुकतो. प्रौढ माणूस जबडा आधी सरळ खाली नेतो, मग बाजूला घेऊन दाढा एकमेकींवर आणतो. पहिल्या पद्धतीतून दुसरीकडे होणारे संक्रमण कायमचे सुळे येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण बाराव्या वर्षी घडते. आपल्या शाळेत पाचवीत आलेले मूल आठवीत जाईपर्यंत त्याचे अक्षर, आवाज, उंची बदलते, हे आपण पाहतो. त्याची चावण्याची रीतही याच वर्षांत बदलून प्रौढ होते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

या वयातील एक धोका कोकणातील पालकांनी विशेष लक्षात ठेवावा. आंब्या-काजूच्या झाडावरून, कठड्यावरून, सायकलवरून मूल हनुवटीवर पडते. हनुवटीची जखम टाके घालून बरी होते. पण हनुवटीवर बसलेला मार हाडातून वर जाऊन कानापुढील सांध्याला लागतो आणि तेथे अस्थिभंग होऊ शकतो. तो ओळखला गेला नाही तर पुढे सांध्याची हाडे एकमेकांना जखडतात. मग तोंड महिन्यामहिन्याने कमी उघडू लागते. वाढीचे केंद्रही तेथेच असल्याने हनुवटी मागे व लहान राहते, चेहरा एका बाजूला झुकतो. त्यानंतर शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाचे तोंड पूर्वीइतके उघडते का, उघडताना एका बाजूला वळते का, दात पूर्वीसारखे जुळतात का, हे त्याच दिवशी पाहावे. शंका आली तर दंतवैद्याकडे नेऊन क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

जमिनीखालचा पुरावा

इतिहासाचा शिक्षक दातांविषयी बोलतो तेव्हा त्याला इनामगाव आठवल्यावाचून राहत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक हंगाम तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. ते आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली पुरत. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत.

या सांगाड्यांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन संशोधक जॉन ल्युकाक्स यांनी केला. कुंभातील मूल किती महिन्यांचे वा वर्षांचे होते, हे कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे जबड्यातील दात. कोणता दात फुटला आहे, कोणता हाडात घडत आहे, यावरून वय ठरते. इतकेच नव्हे, तर काही मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर संशोधकांना लहान खड्डे आढळले. दात घडत असताना शरीरावर ताण पडला, पोषण अपुरे झाले, तर दाताचे कवच त्या जागी नीट बनत नाही. ती खूण पुढे कधीच बुजत नाही. या खुणांचा संबंध संशोधकांनी बदलत्या हवामानाशी व अन्नस्थितीशी लावला आहे.

आम्हांला ही गोष्ट फार बोलकी वाटते. राजांच्या भुकेची नोंद ताम्रपटात नसते आणि रयतेच्या भुकेची तर बखरीतही नसते. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास कोठे शोधायचा, हा प्रश्न आपल्यासारख्या समाजाला जन्मापासून पडलेला आहे. त्याचे एक उत्तर दातांत आहे. आईच्या पोटात असताना व पहिल्या वर्षांत मुलाला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याची साक्ष दात आणि जबडा देतात. आज आपल्या वसतिगृहातील मुलाच्या ताटात काय पडते, याची नोंदही अशीच कोठेतरी होत आहे.

तारुण्य : बळाचा काळ, तक्रारींचाही

सतराव्या ते एकविसाव्या वर्षांच्या सुमारास अक्कलदाढा येतात आणि बत्तिशी पूर्ण होते. सर्वांनाच चारही अक्कलदाढा येतात असे नाही. खालच्या जबड्यात जागा अपुरी पडली तर ती दाढ आडवी अडकते, हिरडी सुजते आणि सूज स्नायूंपर्यंत गेली की तोंड उघडेनासे होते. अशा वेळी गालाला शेक देऊन दिवस काढण्यापेक्षा दंतवैद्याकडे जाणे शहाणपणाचे. 

चावण्याचे बळ याच वयात भरास येते, पण सांध्याच्या तक्रारीही याच वयात सर्वाधिक दिसतात. वीस ते चाळीस या वयोगटात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक प्रमाणात, सांध्याजवळ वेदना, कटकट आवाज, सकाळी जबडा जड होणे अशी लक्षणे आढळतात. झोपेत दात खाणे, मानसिक ताणामुळे दिवसाही दात आवळून ठेवणे ही त्यांची नेहमीची कारणे. जुन्या लोकांत मुलाने दात खाल्ले की पोटात जंत झाले म्हणतात. त्यात तथ्य नाही. वेदनेशिवाय नुसता आवाज येत असेल तर घाबरण्याचे कारण नसते. वेदना असेल, तोंड मध्येच अडकत असेल, तर मात्र तपासणी हवी. बहुतेक रुग्ण मऊ आहार, शेक, साधे व्यायाम आणि रात्री दातांवर बसविण्याची पट्टी अशा सौम्य उपायांनी बरे होतात.

येथे दातखीळ या शब्दाचाही विचार करू. आपण तो भीतीसाठी वापरतो, पण मूळ अर्थ धनुर्वातात जबडा घट्ट मिटणे हा आहे. एके काळी नाळ कापण्याच्या अस्वच्छ रीतीमुळे नवजात बालके या रोगाने दगावत. गरोदरपणातील लसीकरण आणि रुग्णालयातील बाळंतपण यांच्या बळावर २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ज्या रोगाला आपल्या आज्या सटवीचा लेख समजत होत्या, तो लसीने हटला. विज्ञाननिष्ठेचा याहून चांगला धडा कोणता ?

सुपारी : आखडलेले तोंड

वयामुळे होणारे बदल सावकाश होतात. एक बदल मात्र वयाची वाट पाहत नाही. तो सुपारीमुळे होतो. सुपारी ही आपल्या कोकणातील बागायतीची मानाची वस्तू. पाहुण्यापुढे पानसुपारी ठेवतात, लग्न ठरले की सुपारी फुटली म्हणतात. त्यामुळे तिच्याविषयी वाईट बोलणे जड जाते. पण जे सत्य आहे ते सांगितले पाहिजे.

सुपारीतील अ‍ॅरेकोलिन व इतर द्रव्यांमुळे गालाच्या आतील अस्तराखाली चिवट तंतू साठू लागतात. आरंभी तिखट झोंबते, तोंडाची आग होते. पुढे गालाचे अस्तर पांढुरके, निबर होते, आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड क्रमाक्रमाने मिटत जाते. तीन बोटांचे तोंड दोन बोटांवर, दोनाचे एकावर येते. यास वैद्यकात सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांत ही स्थिती नोंदविली, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतीय रुग्णांतील तिचे वर्णन केले. जबड्याचा सांधा या रोगात शाबूत असतो. दाराची बिजागरी ठीक आहे, पण दारालाच बाहेरून दोरखंड बांधले आहेत, अशी ही अवस्था. आखडलेले गाल पूर्ववत होत नाहीत, आणि या स्थितीतून पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. कायदा झाला, पण पुड्या थांबल्या नाहीत. पूर्वी हा रोग पानसुपारी खाणाऱ्या प्रौढांचा समजला जाई. गुटखा, मावा व सुगंधी सुपारीच्या पुड्यांनी त्याला शाळकरी वयापर्यंत आणले. सुट्टीवरून परतलेल्या एका नववीतल्या मुलाला आमटी झोंबू लागली म्हणून आम्ही त्याला तोंड उघडायला सांगितले, तर त्याची दोनच बोटे आत गेली. पुडी त्याला कोणी खलनायकाने दिली नव्हती. गावी पाहुण्यांच्या ताटातली सुपारी उचलण्याची सवय घरातच लागली होती. दंतवैद्यांनी सुपारी तोडण्यास सांगितले, तोंडाचे व्यायाम दिले, औषधे दिली. रोग पुढे सरकण्याचे थांबले. गेलेले बोट मात्र पुरते परत आले नाही. तो मुलगा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलणारा होता. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची तोंडे मिटलेली ठेवली गेली त्यांच्या लेकरांनी पाच रुपयांच्या पुडीसाठी आपले तोंड आपणच बांधून घ्यावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

वार्धक्य : अटळ काय आणि टाळता येण्याजोगे काय

पाली साहित्यात जरेचे वर्णन करताना दात तुटणे, केस पिकणे, कातडीला सुरकुत्या पडणे ही लक्षणे सांगितली आहेत. तथागतांनी अनित्यतेची जाणीव दिली. पण त्याच तथागतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञाही दिली. विनयातील ही नोंद मोठी मनोज्ञ आहे. दातवण न केल्याने तोंडाला दुर्गंधी येते, चव नीट कळत नाही, अन्न रुचत नाही, असे तोटे तेथे सांगितले आहेत आणि दातवणाची काडी किती अंगुळे लांब असावी याचाही नियम घालून दिला आहे. शरीर अनित्य आहे म्हणून त्याची हेळसांड करावी, असे धम्म सांगत नाही.

वाढत्या वयात चावण्याचे स्नायू बारीक होतात, त्यांचे बळ घटते. सांध्याचा उंचवटा झिजून काहीसा सपाट होतो, चकती पातळ होते. तोंडाची उघडझाप थोडी कमी व मंद होते. इतका भाग वयाचा. परंतु ज्यांचे बहुतेक दात शाबूत आहेत असे वृद्ध तोच घास काही वेळा अधिक चावून जवळपास तरुणांइतकाच बारीक करतात. म्हणजे खरे नुकसान वयापेक्षा दात जाण्याने होते. दात गेले की त्यांना धरून ठेवणारे हाड झिजते, जबड्याची उंची घटते. शरीरशास्त्राच्या ग्रंथांत सांगितल्याप्रमाणे जन्मतः पसरट असलेला जबड्याचा कोन प्रौढपणी ११० ते १२० अंशांपर्यंत येतो आणि बोळक्या तोंडात पुन्हा १४० अंशांच्या आसपास पसरतो. हनुवटी पुढे येते, नाकाला टेकू पाहते. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण असे आपण म्हणतो. जबड्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरते. फरक इतकाच की बाळाचे बोळके भरण्याच्या वाटेवर असते आणि आजीचे रिकामे झालेले असते.

पूर्ण कवळीने चावण्याचे बळ नैसर्गिक दातांच्या साधारण चौथाईइतके किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून कवळी बसविली की लगेच भाकरी चावता येईल, अशी अपेक्षा धरू नये. जबड्याला, जिभेला, गालांना ती नव्याने शिकावी लागते. पहिले काही आठवडे मऊ पदार्थ, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावण्याची सवय हवी. कवळी टोचते म्हणून ती फडताळात ठेवून देणारे वृद्ध प्रत्येक घरी आहेत. टोचणारी कवळी घासून ठीक करता येते. त्यासाठी पुन्हा दवाखान्यात नेणारे माणूस मात्र घरात हवे.

याचा परिणाम ताटावर होतो. चावता येत नाही म्हणून आजी भाकरी सोडते, मग शेंगदाणे, मग पालेभाजी, मग काट्याची मासळी. शेवटी चहात बुडविलेली खारी आणि पेज एवढेच उरते. घरचे म्हणतात, आता तिचे खाणेच कमी झाले. खाणे कमी झालेले नसते, चावणे कमी झालेले असते. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपल्या समाजाच्या दोन पिढ्यांनी अक्षरशः भोगली. दात होते तेव्हा ताटात कोरडा तुकडा होता. आज मुलगा नोकरीला आहे, घरात सर्व काही आहे, तर आईच्या तोंडात दात नाहीत. ज्यांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून आम्हांला शिकविले, त्यांच्या म्हातारपणी निदान कुटलेले शेंगदाणे, कुस्करलेली भाकरी, मऊ शिजविलेली उसळ, अंडे, काटे काढलेला बांगडा त्यांच्या ताटात पडावा. हे औषधाइतकेच मोलाचे आहे.

वृद्धांत जांभई देताना जबडा उखळून तोंड उघडेच राहण्याचा प्रसंगही येतो. अशा वेळी थप्पड मारणे, फडक्याने ओढून बांधणे असे उपाय करू नयेत. हनुवटीला हाताचा आधार देऊन त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. दंतवैद्याच्या खुर्चीत वृद्धाचे तोंड फार वेळ उघडे ठेवावे लागले तरी सांधा शिणतो. मध्ये थांबायला सांगण्यात संकोच बाळगू नये. लहान मुलांनाही हीच सवलत हवी.

आपण काय करावे

सारांशाने काही गोष्टी सांगतो. महिन्यातून एकदा घरातील प्रत्येकाने स्वतःची तीन बोटे दातांत घालून पाहावी. हे माप कमी होत चालले असेल, तोंडात पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा असेल, तर विलंब न करता तपासणी करावी. सहाव्या वर्षी येणारी दाढ कायमची आहे हे ध्यानात ठेवावे. सुपारी, गुटखा आणि आपल्या बायकांतील मशेरीची सवय घरातून हद्दपार करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत किंवा अंगणवाडीत येते तेव्हा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. दंतवैद्याकडे दुखल्यावरच जावयाचे, ही रीतही आता सोडली पाहिजे.

आपल्या शाळेचे पुष्कळ माजी विद्यार्थी आज शिक्षक, परिचारिका, आरोग्यसेवक, अधिकारी आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस आपापल्या वाडीवर दंततपासणीसाठी द्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जरा अटळ आहे, पण बोळके अटळ नाही. केशवसुतांच्या या मालगुंडमध्ये वाढलेल्या मुलामुलींचा आवाज मोकळ्या तोंडाने उमटावा आणि त्यांच्या आजीआजोबांना शेवटपर्यंत आपली भाकरी आपल्या दातांनी चावता यावी, यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती वेळेवर पाहण्याची दृष्टी, आणि ती देणे हे शाळेचेच काम आहे.